सिकाडाच्या नावाखाली मला 650 डॉलरला गंडवलं, तुम्ही तरी सावध राहा

काल सिनसिनाटीहून मावसभावाचा फोन. म्हणे दादा, आमच्या दाराला कोणीतरी पॅम्फ्लेट लटकवून गेलंय, सिकाडा (वर्षानुवर्षं जमिनीत राहून एकदम बाहेर पडणारे, किर्रर्र करणारे किडे) येणारेत, झाडांना आधीच औषध मारून घ्या, लवकर बुकिंग केलं तर डिस्काउंट. मी म्हटलं थांब, एक पैसा देऊ नकोस. फोन ठेवल्यावर वाटलं त्याला एकट्यालाच कशाला, सरळ लिहूनच काढावं, कारण यंदा 2025 ला ब्रूड 14 (ब्रूड म्हणजे एकाच वर्षी जमिनीतून निघणारी सिकाडांची टोळी) निघणारे, केंटकी, टेनेसी, ओहायोचा दक्षिण भाग, पेनसिल्वेनियात काही ठिकाणी, पार केप कॉडपर्यंत, आणि यातल्या बऱ्याच गावांत आपली मंडळी आहेत.

माझं झालं ते गेल्या वर्षी. आम्ही शिकागोच्या पश्चिमेला डाऊनर्स ग्रोव्हला राहतो, जुनी वस्ती, मागच्या अंगणात दोन मोठे ओक. 2024 ला इलिनॉयमध्ये 17 वर्षांवाले ब्रूड 13 आणि 13 वर्षांवाले ब्रूड 19 एकाच उन्हाळ्यात आले, असा योग 1803 नंतर पहिल्यांदाच, त्यामुळे टीव्हीवर महिनाभर दुसरं काही नव्हतं. खरं तर आमच्या उत्तरेच्या भागात फक्त ब्रूड 13 वालेच होते पण बातम्या बघून वाटायचं दोन्ही फौजा आपल्याच अंगणात उतरणार. आणि माझ्याकडे सात बोनसाय. त्यातलं एक ट्रायडेंट मेपल मी अकरा वर्षं वाढवलेलं, मुलीच्या वयाचं.

बोनसायवाल्यांना सिकाडाची भीती का, ते आधी सांगतो. हा किडा पानं खात नाही. मादी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीला चिरा पाडते आणि आत अंडी घालते, लांबून बघितलं तर मशीनने शिलाई उसवल्यासारखं दिसतं. मोठ्या झाडाला अशा हजार फांद्या असतात, शेंडे वाळून पडले तरी त्याला फरक पडत नाही. पण बोनसायचा अख्खा आकारच त्या पेन्सिलीएवढ्या फांद्यांवर उभा असतो, एक गेली की पाच-सहा वर्षांची मेहनत गेली. नवीन लावलेल्या रोपांचंही तेच.

म्हणून मी मे च्या सुरुवातीलाच आईने पुण्याहून आणलेली मच्छरदाणी कापून सगळ्या कुंड्यांवर बांधून टाकली, बुडाशी सुतळीने घट्ट. बायको हसली, म्हणाली झाडांना डास चावतात का आता. पण ते बरोबर होतं हो! तिथेच थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

मे संपता संपता सिकाडा निघाले, लाल डोळ्यांचे, काळे, ओकच्या बुंध्यावर त्यांनी टाकलेल्या कातींचा थर, दुपारी घरात बोललेलं ऐकू येईना. लहानपणी आजोळी कोकणात पावसाच्या आधी झाडांवर जी किर्रर्र चालायची ना, ती शंभरपट करा. आणि त्याच आठवड्यात हा माणूस दारात. पांढरी व्हॅन, गळ्यात कसलंतरी कार्ड, बोलायला एकदम गोड. मला लॉनमध्ये घेऊन गेला, बोटाएवढी भोकं दाखवली आणि म्हणतो बघा सर, यांनी तुमच्या झाडांची मुळं पोखरलीत. ती नुसती बाहेर पडायची भोकं असतात, सिकाडा 17 वर्षं जमिनीत मुळांचा रस पीत बसतो पण मुळं पोखरत वगैरे काही नाही, हे मला नंतर कळलं. पुढे म्हणे, आता अंडी फुटून पिल्लं जमिनीत गेली की पुढची 17 वर्षं झाडं मरत राहणार, तीन फवारण्या आणि मुळाशी इंजेक्शन, सगळ्याचे 650. बायको हळूच म्हणाली, अरे त्याच्याकडे लायसन्स तरी माग. मला कसनुसं वाटलं, नाही मागितलं. पैसे लगेच झेलवर (बँकेतून लगेच पैसे पाठवायचं ॲप) पाठवले, ते परत येत नाहीत हे माहीत असूनही.

आणि खरी माती इथे खाल्ली. तो म्हणाला जाळ्या काढा, झाडं गुदमरतात आणि औषध आत पोचत नाही. मी काढल्या! स्वतःच्या हाताने. फवारलं त्याला वास लिक्विड सोपचा. दहा दिवसांत ट्रायडेंटच्या सगळ्यात खालच्या फांदीला चिराच चिरा, ती फांदी जुलैत वाळली. दुसरं एक बोनसाय ज्युनिपरचं, त्याला मात्र काहीच झालं नाही. औषध खरं असतं तरी उपयोग नव्हता, आजचे मारले तर उद्या शेजारच्या झाडावरचे येतात, मधमाश्या मरतात ते वेगळंच.

दुसरी फवारणी करायला कोणी आलंच नाही, फोन बंद. पण जुलैच्या शेवटी एक दुसरा माणूस आला, व्हॅन तीच असं बायको ठामपणे सांगते. ओकचे शेंडे तपकिरी होऊन लोंबत होते, ते दाखवून म्हणतो झाड मरायला लागलंय, वाळलेलं सगळं कापायला 1800. यावेळी मी शहाणा झालो होतो, जवळच्या लाइल गावात मॉर्टन आर्बोरेटम म्हणून झाडांचं मोठं उद्यान आहे, त्यांच्या प्लँट क्लिनिकला फोटो ईमेल केले, फुकट सल्ला देतात ते. त्यांनी सांगितलं मोठ्या झाडाला काही करू नका, आणि ओक उन्हाळ्यात तर अजिबात कापू नका, ताज्या जखमेतून ओक विल्ट नावाचा रोग शिरतो. म्हणजे 1800 देऊन मी झाडच मारलं असतं.

नंतर समजलेली अजून एक गोष्ट. घरी येऊन कोणी 25 डॉलरच्या वरचं काही विकलं तर तीन कामाच्या दिवसांत रद्द करता येतं, अमेरिकेच्या केंद्र सरकारचा नियम आहे, आणि रद्द करायचा फॉर्म विकणाऱ्याने स्वतः द्यायचा असतो. मला साधी पावती नव्हती. पैसे घेऊन औषध फवारणाऱ्याला राज्याच्या कृषी खात्याचं लायसन्स लागतं, ते बघा, आणि बाटलीवरचं लेबल वाचू द्या म्हणा.

सगळ्यात कहर म्हणजे आमचा एक मित्र, त्याचं घर नव्या वसाहतीत, दहा वर्षांपूर्वी तिथे मक्याचं शेत होतं. जिथे 17 वर्षांपूर्वी झाडंच नव्हती तिथे जमिनीत सिकाडा कुठून असणार, त्याच्याकडे एक आला नाही. त्यानेही 400 दिले, आणि वर मला म्हणतो बघ, माझ्याकडे फवारणीचा कसला इफेक्ट झाला!

मावसभावाने मागच्या वर्षीच चेरीचं रोप लावलंय, अंगठ्याएवढं खोड. जाळीचं भोक पाव इंचापेक्षा मोठं नको, फुलं गळल्यावर बांध आणि जूनच्या शेवटपर्यंत काढू नकोस, कोणी काही सांगो, एवढं त्याच्याकडून वदवून घेतलंय. आईच्या मच्छरदाणीतली अर्धी गॅरेजमध्ये पडून आहे, ती उद्या कुरियर करतोय.