स्प्लेंडरला "नवा ऑईल फिल्टर" टाकल्याचं बिल

हिरो होंडाच्या जुन्या 97.2 सीसी स्प्लेंडरला बदलायचा कागदी ऑईल फिल्टर नसतोच. तो बदलला म्हणून कुणी पैसे घेतले, तर सरळ फसवून घेतले असं समजा. सांगलीतल्या एका गॅरेजवाल्याने आमच्या अण्णांकडून ते दर सर्व्हिसिंगला घेतले.

अण्णांची गाडी 2003 ची. हळदीच्या सौद्याला मार्केट यार्डात यायचं, येताना गाडी गॅरेजला टाकायची आणि परत जाताना घेऊन जायची, असा त्यांचा शिरस्ता. बिलात ऑईल, फिल्टर, मजुरी. फिल्टरचे 180 रुपये. वर तो माणूस तेलाने काळा पडलेला, घड्याघड्यांचा कागदी फिल्टर हातात धरून दाखवायचा, "बघा काका, किती घाण झालाय!" पल्सरला, बुलेटला बदलायचा फिल्टर खरंच असतो. तसलाच कुठला तरी जुना फिल्टर त्याने दाखवायला ठेवलेला. डोळ्यांनी पाहिल्यावर शेतकरी माणूस शंका कशाला घेईल?

क्लच घसरायला लागला म्हणून गावातल्या मेकॅनिकने इंजिनाचं उजवं कव्हर खोलायला घेतलं, तेव्हा हे उघडं पडलं. बोल्टांभोवती माती दगडासारखी घट्ट बसलेली. पॅकिंग इतकं चिकटलेलं की ब्लेडने खरवडून काढावं लागलं. "अण्णा, हे कव्हर कित्येक वर्षांत कुणी उघडलेलं नाही," तो म्हणाला. मग क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, टोकावरच्या गोल डबीचे तीन स्क्रू काढून त्याने झाकण उघडलं. आत कडेने काळा, मेणासारखा गाळ. स्क्रू ड्रायव्हरने उकरला तर त्याची ढेकळं निघाली.

ती डबी हाच या गाडीचा फिल्टर. ती क्रँकबरोबर गरगर फिरते, तेलातला जड कचरा बाहेरच्या कडेला फेकला जाऊन तिथेच चिकटतो आणि मधलं स्वच्छ तेल पुढे जातं. तिच्याशिवाय खाली खाचेत एक तारेची जाळी असते. दोन्ही बदलायच्या नसतात, धुऊन परत बसवायच्या असतात. जाळी बसवताना पातळ कड आत जायला हवी, आणि कव्हरचं पॅकिंग नवं लागतं. डबी वर्षानुवर्षं साफच केली नाही, तर कचरा धरायला तिच्यात जागा उरत नाही आणि तो तेलाबरोबर इंजिनभर फिरतो. मला खरा राग याचा आहे. पैसे गेलेच, पण ज्या कामाचे ते दिले ते काम झालंच नाही.

म्हणून सर्व्हिसिंगला गाडी टाकली की तिथे थांबा. नुसतं तेल बदलायला इंजिनाखालचा बोल्ट काढला की भागतं, दहा-पंधरा मिनिटांत होतं. फिल्टर साफ करायचा तर तेल काढून किक आणि क्लचची केबल सोडवावी लागते, कव्हर उतरवावं लागतं, जुनं पॅकिंग खरवडावं लागतं. हे चहा पिऊन येईपर्यंत होत नाही. थांबणं जमत नसेल तर गाडी सोडताना कव्हरच्या बोल्टांचा फोटो काढून ठेवा. परत घेताना तीच माती तिथेच असेल तर कव्हर उघडलेलं नाही. तेलाचा सीलबंद डबा आपल्यासमोर फोडायला सांगा आणि त्यावर "जासो एमए" (JASO MA, तेलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण) लिहिलंय का बघा, कारण या गाडीत क्लचच्या प्लेटाही त्याच तेलात बुडालेल्या असतात.

2019 च्या महापुरात सांगलीत कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. तेव्हापासून इंजिनात काही बिघडलंय म्हटलं की आपल्याकडची माणसं धास्तावतात आणि मागितले तेवढे पैसे काढून देतात. त्या धास्तीचा असा फायदा घेणं मला फार नीच वाटतं.

अण्णांनी सगळी बिलं जपून ठेवली होती. ती पुढे ठेवून "या गाडीत फिल्टर कुठे बसतो ते दाखव" म्हटल्यावर गॅरेजवाल्याची बोलती बंद झाली. शेवटच्या बिलातले 180 रुपये त्याने परत केले, आधीचे द्यायला मात्र तयार नाही. त्यासाठी आम्ही 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. तुमच्या बिलावरही जुन्या स्प्लेंडरचा "ऑईल फिल्टर" लावलेला असेल तर ते बिल फेकू नका.