दोन नावांच्या लेखकांना न्याय देणारं वाचनालय

डोंबिवली पूर्वेच्या या वाचनालयाची मी जुनी सभासद आहे. अनामत एकदाच, वर्गणी महिन्याची, एका वेळी दोन पुस्तकं आणि एक मासिक. दिवाळीनंतर अंकांची वेगळी योजना असते. एवढं तर बहुतेक वाचनालयांत मिळतं. इथली पिवळी कार्डं मात्र मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाहीत, आणि हा अभिप्राय मुख्यतः त्यांच्याबद्दलच आहे.

एखाद्या लेखकाने कवितेला एक नाव आणि कादंबरीला दुसरं वापरलं असेल, तर इथं प्रत्येक पुस्तक छापलेल्या नावानेच आणि आपापल्या विभागातच लावतात. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला एक पिवळं कार्ड चिकटवलेलं असतं. 'जोगवा' आणि 'दिवेलागण' कवितेच्या कपाटात आरती प्रभूंच्या नावावर, आणि आतल्या कार्डावर लिहिलेलं: चिं. त्र्यं. खानोलकर, कादंबऱ्या आणि नाटकं समोरच्या भिंतीला. 'कोंडुरा' उघडलं की त्यातलं कार्ड परत कवितेकडे पाठवतं.

माझी भाची अकरावीत आहे. 'ये रे घना' ऐकून ती आरती प्रभूंच्या कविता शोधत माझ्याबरोबर आली, आणि ही कुणी कवयित्री असणार असं ती धरून चालली होती. काउंटरवरच्या काकांनी तिला 'नक्षत्रांचे देणे' दिलं. कार्ड वाचून तिने कादंबऱ्यांबद्दल विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "ने की 'चानी'. पण बेटा, कवितेसारखं हळुवार काही मिळेल या आशेने नको नेऊस. हा माणूस तिथे फार उग्र होतो." तिने ती नेली, वाचली, आणि पुढच्या खेपेला स्वतःहून 'कोंडुरा' मागितली. लेखकाची दोन्ही रूपं तिला भेटली, आणि कुठल्या रूपाकडे आपण चाललोय हे दोन्ही वेळा तिला आधीच माहीत होतं.

लेखकाने वेगळ्या प्रकारच्या लेखनाला वेगळं नाव घ्यावं का, यावर माझं मत या कपाटांसमोर उभं राहूनच पक्कं झालं. घ्यावं, पण उघडपणे. आपल्याकडच्या मोठ्या माणसांनी तेच केलं. राम गणेश गडकऱ्यांनी नाटकं स्वतःच्या नावाने लिहिली, कविता गोविंदाग्रज म्हणून आणि विनोद बाळकराम म्हणून. 'विशाखा' १९४२ साली आली ती कुसुमाग्रजांची. 'नटसम्राट' १९७० साली रंगमंचावर आलं ते वि. वा. शिरवाडकरांचं. अत्र्यांनी 'झेंडूची फुले'मधली विडंबनं केशवकुमार या नावाने लिहिली. यात वाचकाला फसवण्याचा हेतू कुठेच दिसत नाही. पुस्तक उघडण्याआधी मन कसं तयार ठेवायचं, एवढं ते नाव सांगतं. आज कुणी लहान मुलांच्या गोष्टीही लिहीत असेल आणि रक्ताळलेल्या भयकथाही, तर त्याने दोन नावं घ्यावीत असं मला अगदी मनापासून वाटतं. नऊ वर्षांच्या मुलासाठी पुस्तक उचलणाऱ्या आईला मुखपृष्ठावरच्या नावावर विसंबता आलं पाहिजे.

पण दोन नावं जोडणारा धागा कुणीतरी हातात ठेवावा लागतो. एका पुस्तकविक्रीच्या ॲपवर मी आरती प्रभू हे नाव टाकलं, तर फक्त कविता आल्या; खानोलकर नावाचा कुणी आहे याचा पत्ताच नाही. दुसऱ्या एका ॲपने सगळं एकाच नावाखाली ओतलेलं, त्यामुळे कविता हवी असणाऱ्याने कादंबऱ्यांच्या ढिगातून ती हुडकायची. ही दोन्ही टोकं टाळायला या वाचनालयाला लागली ती फक्त पिवळी कार्डं आणि काकांचं सुंदर अक्षर.

त्रुटीही सांगते. 'संपूर्ण बाळकराम' कित्येक महिने बालवाङ्मयाच्या कपाटात होतं, 'श्यामची आई'च्या शेजारी. नवीन मुलीने नावावरून लावलं असणार. मी सांगितल्यावर त्याच संध्याकाळी ते विनोदात गेलं आणि कार्डही लागलं. पण आधी कुणाच्या लक्षात आलं नाही याचा अर्थ गडकऱ्यांचा विनोद इतके दिवस कुणी मागितलाच नाही, आणि हे मला जास्त लागलं.

इंग्रजी पुस्तकांच्या खोलीत मात्र एकही कार्ड नाही. रॉबर्ट गॅलब्रेथ म्हणजेच जे. के. रोलिंग, हे २०१३ साली जगभर गाजलं, पण इथं दोघं परक्यासारखे उभे आहेत. हॅरी पॉटर संपवून पुढे काय वाचू म्हणणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाला गॅलब्रेथ नावाच्या खूनकथा हाती देऊ नयेत, हे त्याच्या पालकांना कळायला हवं. आणि पालकांना स्वतःला त्या नक्की आवडतील. अगाथा ख्रिस्तीने १९३० ते १९५६ या काळात मेरी वेस्टमॅकॉट या नावाने सहा कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत खुनाचा तपास नाही, माणसांची आतली घुसमट आहे. ख्रिस्तीच्या नावावर त्या आल्या असत्या तर प्रेत कधी सापडतंय याची वाट बघत वाचकाने त्या चाळल्या असत्या. वेगळं नाव घेतलं ते योग्यच केलं. पण ख्रिस्तीची सगळी पुस्तकं संपवलेल्या वाचकाला या सहा कादंबऱ्या आहेत हे कुणी सांगायचं? इथं अभिप्राय-वहीत मी ही मागणी लिहिली आहे. तुम्ही सभासद असाल तर तुम्हीही लिहा, दोन-चार जणांनी मागितलं तर काका नक्की मनावर घेतील.

जिना अरुंद आहे, गुडघे दुखत असतील तर खालून फोन करा, पुस्तकं खाली आणून देतात. सोमवारी बंद. संध्याकाळी सातनंतर ऑफिसातून परतणाऱ्यांची गर्दी असते, काकांशी बोलायचं असेल तर दुपारी चार-साडेचारला जा.