नदीनं झिजवलेला खडक यंत्रावर घडवायचा तर: काळा पाषाण, काँक्रीट की फायबर?

धुळ्या-जळगावकडे अंगणात किंवा शाळेच्या आवारात झिजल्या खडकासारखं शिल्प बसवायचं ठरलं, की आधी आकार ठरवावा लागतो. एक मार्ग म्हणजे पांझरेच्या पात्रातल्या खऱ्या खडकाचे चहूबाजूंनी फोटो काढून संगणकावर त्याची त्रिमितीय प्रतिकृती करायची. फोटो ढगाळ सकाळी आणि दगड कोरडा असताना काढा. ओला दगड चमकतो आणि प्रतिकृती बिघडते. दुसरा मार्ग म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये आभासी दगडावर पाण्याचे थेंब सोडून तो झिजवायचा. मी पहिला मार्ग घेईन. थेंबांच्या गणितातून बहुधा मातीच्या टेकडीवर पडतात तशा घळी उमटतात. आपला बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण, तसा झिजत नाही. पाणी भेगांतून शिरतं, कोपऱ्याला तीन बाजूंनी आणि कडेला दोन बाजूंनी खातं. म्हणून चौकोनी ठोकळा गोल होत जातो आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. पात्रातले रांजणखळगे तर भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांनी घासून होतात.

आता माल. काळ्या पाषाणात सीएनसी यंत्राला, म्हणजे संगणकाच्या हुकमावर कोरणाऱ्या यंत्राला, हिऱ्याची हत्यारं लागतात, काम सावकाश चालतं आणि खर्च तिथेच वाढतो. एक घनमीटर दगड म्हणजे जवळजवळ 3 टन. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाया मुरमापर्यंत न्यावाच लागतो. पण उन्हाचं भय नाही, आणि शेवटचा हात पाथरवटाकडून फिरवून घेतला तर खळग्यांना जीव येतो.

छापील काँक्रीट, म्हणजे यंत्रानं थरावर थर सोडून उभारलेलं, मोठ्या आकाराला परवडू शकतं. मात्र त्याचे आडवे थर दिसतात. वालुकाश्माला ते शोभतात, आपल्या बेसाल्टच्या आकारावर मला खटकतात.

फायबर, म्हणजे काचतंतू आणि रेझिनचं कवच, गच्चीसाठीच. थर्माकोल यंत्रावर कापून त्यावर काही मिलिमीटरचं कवच चढवतात, म्हणून वजन नगण्य. पण पारा 45 अंशांवर जाणाऱ्या भुसावळसारख्या गावात उघड्यावर ठेवलं तर उन्हातल्या अतिनील किरणांनी रंग विटतो आणि पृष्ठभाग भुकटतो. दर काही वर्षांनी लेप द्यायची तयारी हवी.

वरून पाणी खेळवणार असाल तर बोअरचं क्षाराचं पाणी टाळा. काळ्यावर पांढरे ओघळ उठतात.

जमिनीवर, कमरेइतकं एकच शिल्प हवं असेल तर आकार लहान करा, पण पाषाणच घ्या. ऑर्डरीआधी वीतभर नमुना मागून अंगणात ठेवा आणि सकाळच्या तिरप्या उन्हात खळगे उठून दिसतात का, ते पाहा.