को-ॲक्सला थ्रेड नसतात हे माहीत होतं, तरी 508 डॉलर गेले

आधी हिशेब. फॉर्स्टर को-ॲक्स प्रेसचे (घरी काडतुसं भरायचं यंत्र) 310 डॉलर, सोबतच्या कॉन्सेन्ट्रिसिटी गेजचे (काडतूस सरळ आहे का ते मोजणारं) 95, पाठवणीचे 38 आणि शेवटी "विम्याचे, परत मिळणारे" 65. एकूण 508. हातात आलं शून्य.

अमेरिकेत जुनं रिलोडिंगचं (झाडलेली काडतुसं पुन्हा भरायचं) सामान घेणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. चोरलेला फोटो, बाजारापेक्षा बेताने कमी किंमत, "आजोबा गेले, गॅरेज रिकामं करतोय", आणि पैसे मात्र ॲपवरून मित्राला पाठवतात तसे. मलाही माहीत होतं. म्हणूनच जास्त झोंबतं. (भारतातून वाचत असाल तर एक सांगून ठेवतो: घरी काडतुसं भरणं इथे ओहायोत छंद आहे, तिकडे शस्त्र अधिनियम 1959 प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो.)

आता तो क्षण. मी विचारलं होतं, "प्रेसची अवस्था कशी आहे?" उत्तर आलं: "एकदम मस्त. वरचे डायचे थ्रेड स्वच्छ आहेत, शेल होल्डरही सोबत देतो."

ज्याने को-ॲक्स एकदा जरी चालवली असेल तो इथेच हसेल. बाकीच्या बहुतेक प्रेसना वर 7/8-14 चे थ्रेड (7/8 इंच व्यास, इंचाला 14 आटे) असतात, डाय (काडतुसाला आकार देणारा साचा) फिरवून बसवायची. को-ॲक्सला तिथे थ्रेडच नाहीत. डायची लॉक रिंग समोरच्या फटीत सरकवायची, बस्स. डाय तिथे किंचित तरंगते, खालून केस (काडतुसाचं पितळी कवच) वर येताना आपोआप मध्यावर येते. त्या प्रेसचं नावच त्यासाठी आहे. केसचं बूड धरणारा नेहमीचा शेल होल्डरही लागत नाही, स्प्रिंगवर चालणारे जॉ (जबडे) केसचा कडा पकडतात. म्हणजे एका वाक्यात दोन चुका, आणि दोन्ही अशा की मालकाकडून होणारच नाहीत. त्याने दुसऱ्या कुठल्यातरी ओ-फ्रेम (ओ आकाराच्या साध्या चौकटीच्या) प्रेसच्या जाहिरातीतला मजकूर उचलून चिकटवला होता. मी ते वाचलं, "बिचाऱ्याला नावं नीट माहीत नसतील, आजोबांचं सामान आहे ना" असं स्वतःलाच समजावलं, आणि 443 डॉलर पाठवले. नवी प्रेस पाचशेच्या घरात, त्यात वारंवार स्टॉक संपलेला. 310 चा आकडा दिसला की डोळ्यांवर झापड येते. हे समर्थन नाही, पण तसंच झालं.

समोरच्याची परीक्षा घ्यायची तर असे प्रश्न विचारा: जॉ एस आहेत की एलएस? (केसच्या मापाप्रमाणे हे दोन प्रकार.) वापरलेले प्रायमर (केसच्या बुडातली पेट घेणारी टोपी) कुठे पडतात? (खरा मालक लगेच सांगेल, सरळ नळीतून खालच्या बाटलीत.) ली कंपनीची ओ-रिंगवाली लॉक रिंग त्या फटीत बसते का? (नीट बसत नाही.) आणि आजची तारीख लिहिलेला कागद जॉमध्ये धरून काढलेला फोटो मागा. नुसता प्रेसशेजारी ठेवलेला नको, तो जोडकाम करून देतात.

पैशाची सबब तर इतकी पटण्यासारखी होती की काय सांगू. "बंदुकीशी संबंधित काही लिहिलंत तर खातं गोठवतात, नोंदीत काही लिहू नका." काही कंपन्या दारूगोळ्याच्या व्यवहारांना खरंच नकार देतात, म्हणून पटलं. पण प्रेस म्हणजे दारूगोळा नव्हे, ओतीव लोखंडाचं अवजार आहे. ते पाठवायला ना परवाना लागतो ना धोकादायक मालाचं शुल्क. ते शुल्क पावडर-प्रायमरला. क्रेडिट कार्ड घेत नसेल तर सोडून द्या. कार्डावर वाद घालायला स्टेटमेंट पाठवल्यापासून 60 दिवस कायद्याने मिळतात, ॲपवरून स्वतः पाठवलेल्या पैशाला तसलं काही नाही.

पुढे 65 डॉलर. तेव्हा ट्रॅकिंग नंबर आला होता, त्यामुळे धीर आला. वजन बघायला हवं होतं: 1 पौंड 2 औंस. एवढ्यात प्रेसचं हँडलही जात नाही. पाकीट माझ्याच गावात, भलत्याच पत्त्यावर "पोहोचलं". पिन कोड जुळतो म्हणून नोंदीत सगळं आलबेल.

बँकेत फोन, 47 मिनिटं संगीत. उत्तर: "तुम्ही स्वतः मंजुरी दिलीत, म्हणजे हा अनधिकृत व्यवहार नाही." मला फसवून मंजुरी घेतली, बाई! त्यावर पुन्हा तेच वाक्य, पाठ केल्यासारखं. लेखी अर्ज केला, अकरा दिवसांनी नकाराचं पत्र, तेही दोन ओळींचं. स्थानिक पोलिसांत गेलो तर काउंटरवरचा म्हणाला ही दिवाणी बाब आहे. चोरलेला फोटो, खोटं नाव, खोटं ट्रॅकिंग, आणि दिवाणी! हट्टाने बसलो तेव्हा एक नंबर दिला. त्यानेच विचारलं, "ही प्रेस म्हणजे छापखान्याची का?" केंद्रीय पोर्टलवर तक्रार भरली, पोचपावती आली, नंतर चिडीचूप. जाहिरातवाल्यांनी मात्र चपळाई दाखवली: त्याचं खातं उडवलं आणि त्यासोबत आमचे सगळे संदेशही. तक्रार करण्याआधी स्क्रीनशॉट काढा. आधी, नंतर नाही. टपालाने पोस्टाची मनी ऑर्डर पाठवली असती तर निदान टपाल निरीक्षकांना हात घालायला कारण मिळालं असतं.

आणि "तुमचे पैसे परत काढून देतो, आधी 150 भरा" म्हणणारा आठवड्याभरात येतोच. तो त्याच टोळीतला समजा.

सगळ्यात कडू भाग वेगळाच आहे. ती प्रेस लागणारच नव्हती.

.308 विंचेस्टर या रायफलच्या भरलेल्या काडतुसांत 6 थाउ, म्हणजे इंचाचे सहा हजारांश, रनआउट येत होता (क्रिकेटमधला नव्हे, गोळीचा अक्ष केसच्या अक्षापासून ढळतो तो, डायल इंडिकेटरवर दिसणारा आकडा प्रत्यक्ष ढळण्याच्या दुप्पट असतो). दोष प्रेसचा असं धरून चालणं हीच पहिली चूक. प्रत्येक पायरीनंतर मोजा. झाडलेल्या केसची मान: 1 थाउ, म्हणजे चेंबर (रायफलीत काडतूस बसतं ती जागा) ठीक. साइझिंगनंतर (केस डायमध्ये दाबून पुन्हा मापात आणल्यावर): 5. गोळी बसवल्यावर: 6. बिघाड साइझिंगमध्ये, आणि तिथला नेहमीचा गुन्हेगार एक्सपांडर बॉल, डायच्या आतल्या दांड्यावरचा मान रुंद करणारा चेंडू. डायमधून केस बाहेर येताना तो चेंडू आतून मान ओढतो, मान कोरडी असली की जास्तच, आणि ती एका बाजूला कलते.

बॉल काढून टाकला: दीड थाउ. मान मग 0.306 इंची मँड्रेलने (गुळगुळीत दांड्याने) वरून उघडली, गोळी बसवल्यावर 2. मँड्रेलचा खर्च प्रेसच्या खर्चापुढे चिल्लर. बॉल ठेवायचाच असेल तर मानेत आतून थोडं वंगण लावा आणि दांड्याच्या लॉक नटखाली रबरी ओ-रिंग घाला, म्हणजे तो तरंगतो. शेल होल्डरची स्प्रिंग क्लिप काढून खाचेवर ओ-रिंग चढवली की साधी ओ-फ्रेमही बरीचशी को-ॲक्ससारखी वागते. ओ-रिंगची किंमत सेंटमध्ये.

बॉल काढूनही आकडा उतरला नाही तर मानेची जाडी मोजा. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ असलेल्या केसला कुठलीच प्रेस सरळ करणार नाही. साइझिंगनंतर ठीक आणि गोळी बसवल्यावर बिघडत असेल तर सीटिंग स्टेम (डायमधला गोळी दाबणारा दांडा) तपासा. तो गोळीच्या टोकावर नव्हे, टोकाखालच्या निमुळत्या उतारावर टेकायला हवा. मानेच्या तोंडाला आतून चॅम्फर द्या (कडा तिरकी घासा), गोळी अर्धी बसवून केस 180 अंश फिरवा, मग पूर्ण करा.

नवीन माणसाने कुठली घ्यावी? अचूक रायफलसाठी कुठलीही भक्कम सिंगल स्टेज (एका वेळी एकच पायरी करणारी): रॉक चकर, ली क्लासिक कास्ट, मेक मार्क्समन. पिस्तुलाची हजारो काडतुसं भरायची तर प्रोग्रेसिव्ह (दर खटक्याला सगळ्या पायऱ्या एकदम करणारी). को-ॲक्स उत्तम आहेच, पण दुकानातून, कार्डावर.

परवा तीच जाहिरात दुसऱ्या नावाने दिसली. आता 290. फोटोत मागे पिवळी बादली, डाव्या गाइड रॉडपाशी रंगाचा टवका उडालेला. मजकुरात थ्रेड अजून स्वच्छच आहेत.