रोजचे चारशे शब्द आणि फोनमधला टायमर : आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून रोजच्या लेखनासाठी मी अँड्रॉइड फोनमधलं ‘डिजिटल वेलबीइंग’ वापरते आहे, म्हणजे कुठल्या अ‍ॅपवर किती वेळ जातो ते दाखवणारी आणि त्या वेळेला मर्यादा घालू देणारी सोय. आधीच सांगते, वापरावं असंच माझं मत आहे. पैसे पडत नाहीत, आणि बहुतेक फोनच्या सेटिंगमध्ये ते आधीपासून असतंच. गुगलने ते २०१८ मध्ये आणलं. आयफोनवाल्यांनाही त्याच वर्षी ‘स्क्रीन टाइम’ मिळालं. मात्र टायमर लावला की लिखाण आपोआप वाढेल, या भरवशावर कुणी निघालं असेल तर त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं.

मी नोकरी सांभाळून कथा लिहिते, मुख्यतः दिवाळी अंकांसाठी. संपादकांचे निरोप मे-जूनपासून सुरू होतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये मजकूर त्यांच्या हातात पडावा लागतो. माझ्याकडे लॅपटॉप नाही. फोनवर, जीबोर्डच्या मराठी कीबोर्डवर लिहिते. म्हणून ‘लिहिताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा’ हा सल्ला माझ्यासारखीच्या उपयोगाचा नाही. फोनवर लिहिणारे आपल्याकडे खूप आहेत, हा अनुभव त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिते आहे.

सुरुवात अ‍ॅप टायमरपासून केली. फेसबुकला अर्धा तास, इन्स्टाग्रामला पंधरा मिनिटं. वेळ संपत आली की सूचना येते, संपली की अ‍ॅप बंद होतं आणि आयकॉन करडा पडतो. हे थांबवणं बाहेरून यावंच लागतं, कारण फीडला, म्हणजे एकाखाली एक येत राहणाऱ्या पोस्टना, शेवटचं पान नसतं. ही न संपणारी सरकती रचना इंटरफेस डिझायनर एझा रॅस्किन यांनी २००६ मध्ये केली आणि पुढे त्यांनीच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. करडा आयकॉन पाहिला की निदान भान येतं. टायमर काढायला दोन-तीन टॅप पुरतात हे खरं, पण सेटिंगपर्यंत जाईतो मन बहुतेक वेळा माघारी वळतं.

टायमरची एक गोष्ट रात्री लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. त्याचा दिवस मध्यरात्री बदलतो. जेवणं, आवराआवर आटोपून साडेदहाला लिहायला बसलात आणि बारापर्यंत नेटाने लिहिलंत, तर नेमकं बारा वाजता फेसबुकचा नवा अर्धा तास तयार असतो. त्यापायी मी लिखाण पहाटेवर नेलं. साडेपाच ते पावणेसात, नळाला पाणी येईपर्यंत.

खरा फायदा झाला तो फोकस मोडचा. यात आपण अ‍ॅप निवडून ठेवायची आणि वार-वेळ ठरवून द्यायची. त्या वेळात ती अ‍ॅप उघडत नाहीत, त्यांच्या सूचनाही येत नाहीत. गुगल डॉक्स आणि ऑनलाइन शब्दकोशासाठी ब्राउझर मी चालू ठेवला, बाकी सगळं बंद. अगदीच लागलं तर पाच, पंधरा किंवा तीस मिनिटांची सुटी घेता येते आणि ती संपली की मोड आपोआप परत लागतो. ही सोय मला फार शहाणपणाची वाटते. दिवसभरात फेसबुकवर किती मिनिटं गेली यापेक्षा लिहायच्या आधी गेली की नंतर, यानेच माझ्या लिखाणात फरक पडला. सकाळी आधी कुणाचं भांडण किंवा कुणाचा पुरस्कार वाचला की तोच विषय डोक्यात घोळत राहतो आणि कथेतली माणसं बोलायला तयार होत नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅप मात्र बंद ठेवता येत नाही. ऑफिस, मुलाची शाळा, गावाकडची मंडळी, सगळं तिथेच. मी ग्रुप म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाकले. नवा मेसेज आला तरी ते वर येत नाहीत. संध्याकाळी एकदा उघडून पाहते, तेवढ्याने आजवर काही अडलेलं नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. टायमर मिनिटं मोजतो. आपण तिथे काय खर्च केलं हे त्याला कळत नाही. एसटी स्टँडवर एक आजी भेटली. पदराच्या गाठीतून सुटे पैसे काढून बाकड्यावर मांडत होती, रुपयाची नाणी एका रांगेत, दोनची दुसऱ्या रांगेत, आणि तिकिटापुरते झाले की उरलेले पुन्हा गाठीत बांधत होती. त्यावर मी दीडेकशे शब्दांची पोस्ट टाकली. संध्याकाळपर्यंत ‘काय निरीक्षण आहे’, ‘ताई, पुस्तक काढा’ असे प्रतिसाद भरभरून आले. वेलबीइंगच्या डॅशबोर्डवर त्या दिवसाचा फेसबुकचा वेळ मर्यादेच्या बराच आत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे तीच आजी कथेत घ्यायला बसले, तर सांगण्याची ओढच उरली नव्हती. तिचं जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं, दादही मिळाली होती. विरजण लागायच्या आत दूध पिऊन टाकावं तसं झालं.

म्हणून मी एक नियम केला, जो कुठल्याच अ‍ॅपमध्ये नाही. पाहिलेलं, ऐकलेलं, सुचलेलं आधी मसुद्यात जातं. कथेत त्याची जागा ठरली, किंवा कथेला ते नको आहे हे कळलं, की मग पोस्ट. या एका नियमाने माझं लिखाण टायमरपेक्षा जास्त पुढे गेलं.

सोशल मीडिया सोडा, असं मात्र मी म्हणणार नाही. एसटीवरच्याच एका पोस्टखाली निवृत्त वाहक काकांनी तिकिटांच्या जुन्या ट्रेबद्दल लिहिलं : वेगवेगळ्या किमतीची तिकिटं जोडून भाडं कसं पुरं करायचे, पंच कसा मारायचे, अंधारात बोटांनी तिकिटं कशी ओळखायचे. हे मला कुठल्या वाचनालयात मिळालं असतं?

रोजच्या उद्दिष्टाबद्दलही थोडं. इंग्रजीतले आकडे जसेच्या तसे उचलू नका. नोव्हेंबर महिन्यात ५०,००० शब्दांची कादंबरी लिहायची, हा ‘नॅनोरायमो’ उपक्रम अमेरिकेत १९९९ मध्ये सुरू झाला. त्याचा हिशेब दिवसाला १,६६७ शब्दांचा होता (तो चालवणारी संस्था २०२५ मध्ये बंद झाली). तो समोर ठेवला की आपले चारशे शब्द अगदीच थोडे वाटतात. पण ‘पुण्याहून आलेल्या मावशीच्या घरासमोर’ हे मराठीत चार शब्द झाले. तेवढंच इंग्रजीत सांगायला दहाच्या वर शब्द लागतात. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडूनच येतात, त्यामुळे त्याच मजकुराचा आकडा मराठीत कमी भरतो. नोकरी करणाऱ्याला चारशे शब्द पुरेसे आहेत. मी ते डॉक्सच्या वर्ड काउंटमध्ये पाहते आणि कॅलेंडरवर तारखेखाली लिहून ठेवते. खाडाखोडीच्या दिवशी आकडा वाढत नाही, तेव्हा नुसतं ‘तपासलं’ असं लिहिते, कारण तेही कामच आहे.

टायमरचे आकडे वर्षभर सारखे ठेवायची गरज नाही. कथा संपादकांकडे रवाना झाली की मी फेसबुकचा टायमर तासावर नेते. अंक हातात पडल्यावर वाचकांचे अभिप्राय तिथेच येतात, आणि वेळ काढून कथा वाचणाऱ्या प्रत्येकाला सावकाश उत्तर लिहायला मला आवडतं.