गरोदरपणातील अतिवमन आणि एका हेल्पलाइनचा आधार

गरोदरपणातील नेहमीची मळमळ आणि घोटभर पाणीही पोटात ठरू न देणारे ‘हायपरएमेसिस ग्रॅव्हिडारम’ यांतील फरक ज्यांना समजावून सांगावा लागत नाही, अशा स्त्रियांशी गाठ घालून देणे, हे ब्रिटनमधील ‘प्रेग्नन्सी सिकनेस सपोर्ट’ या धर्मादाय संस्थेचे मला सर्वांत मोलाचे वाटलेले काम आहे. हेल्पलाइनवर माहिती मिळतेच. पण या त्रासातून स्वतः गेलेली स्वयंसेविका संपर्कात राहते, तेव्हा ‘आले-सुंठ घेऊन पाहा’ या (प्रेमळ, पण अशा अवस्थेत निरुपयोगी) सल्ल्यांचा भार बराच हलका होतो. डॉक्सिलामिन-पायरिडॉक्सिन, सायक्लिझिन यांसारख्या मळमळ-उलटीवरील औषधांची माहिती हाताशी असल्याने डॉक्टरांना नेमके काय विचारावे, हे कळते. लघवी गडद व कमी होऊ लागली किंवा वजन झपाट्याने उतरू लागले, तर मात्र फोनवर विसंबून न राहता थेट रुग्णालय गाठावे. संभाषण इंग्रजीत होत असल्यामुळे घरातील ज्येष्ठांना मराठीत पटवण्याचे काम आपल्याकडेच उरते. या आजाराचा जीडीएफ-15 या संप्रेरकाशी असलेला संबंध 2023 मधील संशोधनाने दाखवला आहे, हा आजार म्हणजे मनाचा खेळ नव्हे, एवढे तरी नवऱ्याने आपल्या आईला सांगावे.