कानात फोमचे बोळे, दारात रांग : सेवा केंद्रावर वापरलेल्या इअरप्लगबद्दल

वणी तालुक्यातल्या एका गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. पीक विमा, लाडकी बहीणची केवायसी, उत्पन्नाचे दाखले, सातबारा, वीजबिल, सगळं एकाच खोलीत. खोलीवर टिनपत्रे आहेत, डाव्या भिंतीला लागून पिठाची चक्की आहे आणि समोर बसथांबा. मला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही आणि चंचलता-उतावळेपणा असतो. तिशी ओलांडल्यावर नागपूरच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे ते निघालं. गोळी सुरू झाली, लक्ष लागायला लागलं, पण गोंगाटाने डोकं भणाणून जायचं ते काही थांबलं नाही. म्हणून कानासाठी एकेक वस्तू घेत गेले. त्यातलं काय कामाचं निघालं आणि काय कपाटात पडलं, ते लिहिते. ज्याला गर्दीपासून उठून जाता येत नाही, माणसांशी बोलतच काम करावं लागतं, अशासाठी हे आहे.

आधी त्रास कसा होतो ते सांगते, कारण वस्तू त्यावरच तोलायची आहे. आवाज मोठा असतो एवढंच कारण नाही. सगळे आवाज सारख्याच जोराने आत येतात. चक्कीचा पट्टा, पैसे जमा झाल्याचं ओरडणारा साउंडबॉक्स, प्रिंटरची करकर, अंगठ्याच्या मशीनची पिप, रांगेतल्या मायचं रडणारं लेकरू, आणि समोर बसलेले काकाजी जे सांगून राहिले ते. बाकीच्या लोकांच्या कानाला समोरचं बोलणं पुढे आणि बाकीचं मागे ठेवता येतं. माझ्या डोक्यात सगळेच एकदम दारात येऊन उभे राहतात. त्यात ट्यूबलाइट लपलपत असली, कोणाच्या तोंडाला खर्ऱ्याचा वास असला, ब्लाउजची शिवण टोचत असली, की आधारचे आकडे डोळ्यांना दिसतात पण वाचले जात नाहीत. मग आवाज चढतो. रांगेतल्या माणसाची काहीच चूक नसते आणि बोलणी त्यालाच बसतात. संध्याकाळी घरी गेल्यावर पोराने गळ्यात हात टाकला तरी अंगावर काटा येतो. आईसाठी याच्याहून वाईट दुसरं काही नाही.

डॉक्टरांनी एक गोष्ट नीट समजावली. एडीएचडीच्या निदानासाठी लक्षणांची जी यादी वापरतात, तिच्यात एकाग्रतेची नऊ आणि चंचलता-उतावळेपणाची नऊ लक्षणं असतात. वय 17 किंवा त्याहून जास्त असेल तर दोन्हीपैकी एका गटातली निदान पाच लागतात, आणि त्यातली काही बाराव्या वर्षाच्या आधीपासून दिसलेली असावी लागतात. आवाज, उजेड, स्पर्श सहन न होणं हे त्या यादीत नाही. पण एडीएचडी असलेल्या पुष्कळ मोठ्या माणसांना हा त्रास असतो. नको ते बाजूला सारायचं काम मेंदूला नीट जमत नाही, त्यामुळे ओझं लवकर भरतं. हे ऐकून मला केवढं हलकं वाटलं! 'तिचा सोभावच तापट' हे मी लग्नाच्या आधीपासून ऐकत आले होते.

पहिली घेतलेली वस्तू म्हणजे फोमचे साधे नारिंगी इअरप्लग. आमच्या भागात कोळशाच्या खाणी आहेत, म्हणून वणीत हेल्मेट, बूट, हातमोजे विकणारी दुकानं आहेत. तिथे हे काउंटरवरच्या डब्यात सुटे मिळतात. चहा-नाश्त्याच्या पैशात जोडी येते. दोरीवाले घ्या. बिनदोरीचे टेबलाखाली पडतात आणि धुळीत पडलेला प्लग परत कानात घालायचा नसतो.

हे घालायची रीत आहे आणि ती कोणी सांगत नाही. नुसते कानाच्या तोंडाशी खोचले तर काहीच होत नाही, आणि लोक म्हणतात वस्तू बेकार. हात धुवायचे. प्लग बोटांत वळत वळत वातीसारखा बारीक करायचा, सुरकुती न पडू देता. उजव्या कानात घालायचा तर डावा हात डोक्यावरून नेऊन उजवा कान वर आणि मागे ओढायचा, म्हणजे आतली वाट सरळ होते. मग वात आत सरकवून बोटाने अर्धा मिनिट दाबून धरायची. फोम आत हळूहळू फुगतो. फुगताना चक्कीचा आवाज असा मागे मागे सरकत जातो की पहिल्या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पाकिटावर 29 डेसिबल असं छापलेलं असतं, म्हणजे एवढा आवाज कमी होतो (डेसिबल हे आवाजाचं माप). तेवढं प्रत्यक्षात मिळत नाही. तो प्रयोगशाळेतला आकडा असतो, तज्ज्ञांनी नीट बसवून मोजलेला. कारखान्यांसाठी अमेरिकेत एक हिशेब वापरतात : छापलेल्या आकड्यातून 7 वजा करायचे आणि उरलेल्याचे निम्मे धरायचे. म्हणजे 29 चे 11. हे थोडं वाटतं, पण 10 डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण अर्धा वाटतो. मला तेवढंच पाहिजे होतं. शांतता नको होती. शांततेत बसून उत्पन्नाचा दाखला निघत नाही.

याची मोठी अडचण म्हणजे माणसाचं बोलणंही दबतं, आणि दबतं तेही वाकडं. फोम बारीक, तीक्ष्ण आवाज जास्त अडवतो आणि जाड आवाज कमी. त्यामुळे बोलणं रजईतून आल्यासारखं येतं. नाव 'सुमन' की 'कुसुम' हे दोनदा विचारावं लागतं. सरकारी अर्जात नाव चुकलं तर त्या बाईचे पैसे अडकतात, तिथे अंदाजाने चालत नाही. दुसरं असं, की कान बंद असले की आपलाच आवाज डोक्यात घुमतो, म्हणून आपण नकळत हळू बोलतो. एका आजीने शेवटी विचारलंच, "काय वं माय, तुह्या आवाजाले काय झालं? आन् कानात हे काय कोंबलं?" मी म्हटलं, "आजी, चक्कीनं डोकं दुखते माह्यं." आजी म्हणाली, "मंग बरं केलं. माह्या बुढ्यालेबी दे दोन, मले तं रातभर घोरणं आयकू येते." तेव्हापासून मी कोणापासून लपवत नाही.

म्हणून फोम मी आता लोक समोर नसतानाच घालते. सकाळी शटर उघडायच्या आधी कालचे राहिलेले अर्ज भरताना, दुपारी चक्की जोरात असताना, आणि वणीला जायच्या बसमध्ये. त्या कामासाठी फोमसारखी वस्तू नाही.

काउंटरसाठी जी वस्तू कामाची निघाली ती म्हणजे सिलिकॉनचे फिल्टरवाले प्लग. गाणारे-वाजवणारे लोक वापरतात ते. यांच्या मधोमध बारीक नळी आणि जाळी असते. बारीक-जाड सगळे आवाज साधारण सारखेच कमी होतात, त्यामुळे बोलणं स्पष्ट राहतं, फक्त लहान होतं. रेडिओचं बटण कमी केल्यासारखं. फोमपेक्षा कमी अडवतात. चक्की चालूच राहते, साउंडबॉक्स चालूच राहतो, पण काकाजी काय म्हणून राहिले ते कळतं आणि माझं डोकं दुपारी एकला न भरता चार-साडेचारला भरतं. तेवढ्यात दिवसाचं काम होऊन जातं. किंमत मात्र फोमच्या कितीतरी पट आहे, आणि ऑनलाइनच मागवावे लागले. कुरियर गावात येत नाही, वणीला जाऊन आणावे लागले. सोबत तीन मापांच्या टोप्या येतात. दोन्ही कानांना एकच माप बसेल असं धरू नका. माझ्या डाव्या कानाला लहान आणि उजव्याला मधली लागते. चुकीच्या मापाने कान दुखला आणि मी ती वस्तू जवळजवळ परत पाठवणार होते.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली आणि तीच सगळ्यात जास्त सांगायची आहे. प्लग डोकं भरल्यावर घालून उपयोग नाही. एकदा अंगात ती किरकिर चढली की कानात प्लग गेल्याचं टोचणंसुद्धा सहन होत नाही. तेव्हा बाहेर निघून जाणं, तोंडावर पाणी मारणं, अंधाऱ्या खोलीत दहा मिनिटं पडणं हेच चालतं. प्लग आधी घालायचे असतात. चक्की सुरू व्हायच्या आधी, रांग लागायच्या आधी, चांगलं वाटत असताना. एडीएचडीवाल्याला 'आधी' जमत नाही हीच तर खरी गोम आहे. म्हणून मी डबी शटरच्या किल्लीच्या छल्ल्याला अडकवली. किल्ली हातात आली की डबी येते.

कानावर बसणारे इअरमफ मी चंद्रपूरहून आणले, खाणीत वापरतात तसले. आवाज छान अडवतात, घालायला एक सेकंद लागतो, काढायलाही. कानात काही खुपसायला आवडत नाही त्यांना हेच बरे. पण आमच्याकडचा उन्हाळा! मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा त्या गाद्यांखाली घामाच्या धारा लागतात. आणखी एक, गादी कातडीला चिकटून बसली तरच आवाज अडतो. चष्म्याची काडी, उन्हासाठी बांधलेला स्टोल, मोठ्या बाळ्या, यातलं काहीही मध्ये आलं की फट राहते. थंडीत, कापसाचे ट्रॅक्टर दारावरून जातात त्या दिवसांत, मी ते आनंदाने घालते. बाकी वेळ खुंटीवर.

आवाज पुसून टाकणारे महागडे हेडफोन भावाचे वापरून पाहिले. कूलरची घरघर आणि बसच्या इंजिनाचा आवाज ते खरंच गायब करतात, कारण तो एकसुरी, जाड आवाज असतो. अचानक मारलेली हाक, भांड्यांचा खणखणाट, लेकराची किंचाळी, हे बरंचसं तसंच येतं. समोर माणूस बसलेला असताना डोक्यावर ते घालणं मला बरं वाटत नाही. घेतले नाहीत.

यातली कोणतीच वस्तू डीजेपुढे पुरत नाही. लग्नाची वरात दारात थांबली की दणका छातीत आणि पायाखालच्या फरशीत जाणवतो, तो नुसता कानातून येत नाही. तेव्हा मी पोराला घेऊन मागच्या वाड्यात जाते. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर लावायला 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे, वस्तीतली मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. पण गावात ज्याच्या घरचं लग्न त्याच्याकडे उद्या आपल्यालाच जायचं असतं. मी नियम सांगत नाही, साडेनऊला नवरदेवाच्या काकांना हात जोडून विचारते. बहुतेक जण ऐकतात.

कानाचं झाल्यावर बाकी ओझं दिसायला लागलं. ट्यूबलाइट काढून पिवळसर एलईडी लावला. साउंडबॉक्सचा आवाज एकावर आणला. रांगेतल्यांना पुठ्ठ्याचे नंबर वाटले, म्हणजे चार जण एकदम बोलत नाहीत. यातलं पुठ्ठ्याचं काम फुकटात झालं आणि गुण प्लगइतकाच आला.

दोन सूचना मनापासून. आवाज नव्याने असह्य वाटायला लागला असेल, कानात शिट्टी वाजत असेल किंवा अर्धं डोकं दुखत असेल, तर आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा. कानात मळ साचलेला असेल तर प्लग तो आणखी आत ढकलतो. आणि घरात शांत असताना प्लग घालून बसू नका. सतत बंद ठेवले तर कान आणखी हळवे होतात, मग साधा चमचा पडला तरी दचकायला होतं. मी घरी पाय टाकला की काढते. फोमचे धुवून वापरू नका, मळले की फेका. सिलिकॉनचे कोमट पाण्याने आणि साबणाने धुता येतात, जाळी मात्र आधी काढून ठेवा.

शेजारच्या चक्कीवाल्या काकाजींना मी फोमची जोडी दिली. आठ तास 85 डेसिबलच्या वर राहिलं तर ऐकू येणं हळूहळू जातं, आणि त्यांना आत्ताच टीव्ही मोठा लागतो. दोन दिवस त्यांनी घातले, मग म्हणाले, "पट्टा घसरला तं आवाजावरून समजते, हे घातलं तं समजत नाही." त्यांचं बरोबर आहे. आता त्यांच्यासाठी फिल्टरवाले मागवते आहे.

माझ्या पोराचीही लक्षणं तशीच दिसतात, एडीएचडी घराण्यात उतरतो. त्याच्या कानाला फोम मोठा पडतो आणि लहान लेकरू तो तोंडात घालू शकतं, म्हणून त्याच्यासाठी लहान मापाचे इअरमफ बघून राहिले. तान्ह्या पोळ्याला बँडच्या मागे लाकडी बैल ओढत जायचं आहे त्याला, त्याआधी मिळाले तर कसे निघाले ते लिहीन.